बेंझीन की टोल्युईन? रिंगकडे नाही, शेपटीकडे बघा

दरवर्षी ऑरगॅनिकच्या प्रॅक्टिकलला एक तरी जण येऊन सांगतो, मॅडम ब्रोमीन वॉटर टाकलं, हलवलं, पाण्याचा रंग गेला, म्हणजे हे बेंझीन नाही. मग मी त्याच टेस्ट ट्यूबमधला वरचा थर दाखवते. तो मस्त नारिंगी झालेला असतो. ब्रोमीन संपलेलं नसतंच, ते पाण्यातून उठून वरच्या मजल्यावर राहायला गेलेलं असतं, कारण पाण्यापेक्षा त्याला हे तेलकट लिक्विड जास्त आवडतं. बेंझीनमध्येही असंच होतं, टोल्युईनमध्येही असंच आणि झायलीनमध्येही. म्हणजे टेस्ट करून हातात काय आलं, तर शून्य.

हा लेख अकरावी-बारावीची, एफवाय-एसवायची पोरं आणि नुकतेच क्यूसी (मालाचा दर्जा तपासणाऱ्या) लॅबमध्ये चिकटलेले नवे लोक यांच्यासाठी. समोर एक रंगहीन, पाण्यावर तरंगणारं, पटकन पेट घेणारं लिक्विड आहे, ते ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन आहे एवढं कळलंय, पण बेंझीन आहे की त्याच्या घरातलं दुसरं कोणी हे ठरवायचंय. घरातलं म्हणजे होमोलॉग: टोल्युईन, एथिलबेंझीन, तीन झायलीन, क्युमीन वगैरे. बेंझीन सी६एच६, टोल्युईन सी७एच८, पुढचे सी८एच१०, प्रत्येक पायरीला एक सीएच२ वाढतो.

आता मुख्य गोष्ट, हीच डोक्यात ठेवा. सहा कार्बनची रिंग सगळ्यांकडे आहे. त्यामुळे रिंगला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांकडून सारखंच येणार. धूर काढत जळतं का? सगळेच काजळी काढतात, बेंझीनमध्ये वजनाने ९२.३ टक्के कार्बन आणि टोल्युईनमध्ये ९१.३, ज्योतीकडे बघून हा एक टक्का कोणाला दिसणार? थंड परमँगनेटचा रंग जातो का, म्हणजे आपली डबल बाँड शोधायची बायरची टेस्ट? कोणाचाच जात नाही. क्लोरोफॉर्म आणि ॲल्युमिनियम क्लोराइड टाकून नारिंगी-लाल रंग येतो का? सगळ्यांचाच येतो, ती टेस्ट 'ॲरोमॅटिक आहे' एवढंच सांगते. फरक आहे तो रिंगला लटकलेल्या शेपटीत, साइड चेनमध्ये, आणि त्यातही शेपटीचा जो पहिला कार्बन रिंगला चिकटलाय त्याच्यावरच्या हायड्रोजनमध्ये. त्याला बेंझिलिक हायड्रोजन म्हणतात. बेंझीनकडे शेपूटच नाही. म्हणून प्रश्न शेपटीला विचारायचा.

आणि सुरू करायच्या आधी, वास घेऊन ओळखायचा विचारही करू नका. जुन्या काळी करायचे लोक, माझेच एक सर बुच काढून लांबून हाताने वारा घालत सांगायचे 'हे टोल्युईन'. बेंझीन हे माणसात कॅन्सर करणारं म्हणून आयएआरसीच्या (कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या) पहिल्या गटात आहे, रक्ताचा कॅन्सर, आणि अमेरिकेत कामाच्या जागी हवेत आठ तासांची सरासरी मर्यादा १ पीपीएम आहे. आपल्याकडे पेट्रोलमध्येसुद्धा बेंझीन १ टक्क्याच्या वर चालत नाही ते याचसाठी. त्यामुळे जे काही करायचं ते फ्यूम हूडमध्ये, नायट्राइल ग्लोव्हज घालून (आणि तेही फार वेळ टिकत नाहीत, सांडलं की लगेच बदला), आसपास बर्नर पेटलेला नको. घरी तर अजिबात नाही. बऱ्याच कॉलेजांनी बेंझीन प्रॅक्टिकलमधून काढूनच टाकलंय आणि मला विचाराल तर बरोबर केलंय.

पहिली पायरी: बर्फ

केमिकल टेस्टच्या आधी सगळ्यात स्वस्त टेस्ट करा, हिला ना रिएजंट लागतो ना बर्नर. छोट्या टेस्ट ट्यूबमध्ये १ एमएल सँपल घ्या, वर बुच लावा आणि बर्फ-पाण्यात पाच-दहा मिनिटं उभी करा. बेंझीन ५.५ अंशाला गोठतं. टोल्युईनला गोठायला उणे ९५ लागतं, बर्फाच्या वाटीत ते ढिम्म हलत नाही. थंडीत डोंगराळ भागातल्या लॅबमध्ये बेंझीनची बाटली कपाटात आपोआप गोठलेली सापडते ती याच कारणाने, आणि नवीन पोरं घाबरतात की केमिकल खराब झालं.

इथे दोन ठिकाणी फसगत होते. एक, लिक्विड कधी कधी ५ अंशाच्या खाली जाऊनही हट्टाने लिक्विडच राहतं, अशा वेळी काचेच्या रॉडने आतल्या भिंतीला हलकं घासायचं, क्रिस्टल सुरू होतात. दुसरं, पॅरा-झायलीन १३.३ अंशालाच गोठतं, बेंझीनच्याही आधी. म्हणजे गोठलं तर बेंझीन किंवा पॅरा-झायलीन, नाही गोठलं तर ते शुद्ध बेंझीन नाही. आणि शुद्ध हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण फिजिकल केमिस्ट्रीत पाठ केलेला बेंझीनचा ५.१२ हा केएफ (काही मिसळलं की गोठण्याचा बिंदू किती उतरतो ते सांगणारा आकडा) आठवत असेल, तोच इथे कामाला येतो: १०० ग्रॅम बेंझीनमध्ये १ ग्रॅम टोल्युईन मिसळलं तरी गोठण्याचा बिंदू अर्ध्या अंशाहून थोडा जास्त खाली येतो. उरलेल्या झायलीनमध्ये ऑर्थो उणे २५ आणि मेटा उणे ४८, ते तुमच्या बर्फाला दाद देणार नाहीत.

दुसरी पायरी: बॉइलिंग पॉइंट

बेंझीन ८०.१, टोल्युईन ११०.६, एथिलबेंझीन १३६.२, पॅरा-झायलीन १३८.४, मेटा १३९.१, ऑर्थो १४४.४, क्युमीन १५२.४. हे आकडे जर्नलच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. बेंझीन आणि टोल्युईनमध्ये तीस अंशांचं अंतर आहे, इतकं अंतर साध्या थर्मामीटरनेही चुकत नाही. फ्युजन ट्यूबमध्ये थोडं सँपल, त्यात एका टोकाला बंद केलेली केशनळी उघडं तोंड खाली करून, ट्यूब थर्मामीटरला दोऱ्याने बांधलेली, आणि हे सगळं लिक्विड पॅराफिनमध्ये. हळूहळू तापवत गेलं की केशनळीतून आधी एकेक बुडबुडा आणि मग सलग माळ येते, मग आच काढायची आणि थंड होताना जिथे बुडबुडे थांबून लिक्विड केशनळीत वर शिरतं ते तापमान लिहायचं. सगळे जण माळ सुरू झाल्याचं तापमान लिहितात आणि तीन-चार अंश जास्त आणतात.

पुण्या-नाशिककडच्यांनी एक लक्षात ठेवा, आपण समुद्रसपाटीवर नाही. पुण्यात हवेचा दाब कमी आहे त्यामुळे बेंझीन साधारण दोनेक अंश आधी उकळतं. ७८ आलं म्हणून घाबरून सँपल बदलून मागू नका. मुंबई-रत्नागिरीवाल्यांना ही सबब नाही.

एथिलबेंझीन, पॅरा आणि मेटा यांना बॉइलिंग पॉइंटवर वेगळं करायच्या फंदात पडू नका. पॅरा आणि मेटामध्ये एक अंशाचाही फरक नाही, कारखान्यातसुद्धा त्यांना डिस्टिलेशनने वेगळं करत नाहीत, पॅरा लवकर गोठतं याचा फायदा घेऊन क्रिस्टल पाडतात नाहीतर ॲडसॉर्बंटवर पकडतात.

तिसरी पायरी: गरम परमँगनेट, म्हणजे खरी परीक्षा

हीच ती शेपटीला विचारायची टेस्ट. गरम परमँगनेट साइड चेनच्या बेंझिलिक हायड्रोजनवरून आत शिरतो आणि शेपूट कितीही लांब असली तरी कापत कापत रिंगला लागलेल्या शेवटच्या कार्बनपर्यंत येतो आणि त्याचं कार्बोक्झिलिक ॲसिड करून सोडतो. टोल्युईनचं बेंझॉइक ॲसिड, एथिलबेंझीनचं पण बेंझॉइक, क्युमीनचं पण बेंझॉइक. बेंझीनला पकडायला शेपूटच नाही म्हणून जांभळा रंग तसाच राहतो.

आता करायचं कसं. चार टेस्ट ट्यूब घ्या. एकात फक्त पाणी, एकात माहितीतलं शुद्ध टोल्युईन, एकात लॅबमध्ये असेल तर माहितीतलं शुद्ध बेंझीन आणि एकात तुमचं सँपल, प्रत्येकी १ एमएल. प्रत्येकात २ एमएल डायल्यूट सल्फ्युरिक ॲसिड आणि अर्धा टक्का परमँगनेटचे फक्त तीन-चार थेंब. फक्त! नवीन माणूस इथे हमखास मूठ सैल सोडतो, गडद जांभळं करून ठेवतो आणि मग अर्धा तास हलवत बसतो, रंग जातच नाही आणि निष्कर्ष काढतो की बेंझीन आहे. फिकट जांभळं दिसेल इतकंच टाकायचं.

मग चारही ट्यूब ६०-७० अंशाच्या वॉटर बाथमध्ये. त्यापेक्षा गरम नको, बेंझीन ८० ला उकळून उडून जाईल आणि तुमच्या नाकात जाईल. दर मिनिटाला बाहेर काढून नीट हलवा, कारण दोन थर आहेत, परमँगनेट खाली पाण्यात आणि टोल्युईन वर, हलवल्याशिवाय दोघांची गाठच पडत नाही. टोल्युईनच्या ट्यूबमध्ये जांभळा रंग फिका होत, मध्येच कदाचित तपकिरी झाक देत, शेवटी जातो. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कधी पंधरा लागतात, थंडीत जरा जास्तच. बेंझीनचा रंग टिकतो.

पाण्याची ट्यूब कशाला, असं दरवेळी कोणीतरी विचारतं. कारण गरम ॲसिडमध्ये परमँगनेट एकटंसुद्धा हळूहळू मोडतं, आणि टेस्ट ट्यूब नीट धुतलेली नसेल, मागच्या बॅचचं अल्कोहोल आत असेल, तर रंग टोल्युईनशिवायही जाईल. निकाल नेहमी तुलनेने द्यायचा, ट्यूब शेजारी शेजारी धरून, पाठीमागे पांढरा कागद ठेवून.

एक सक्त ताकीद. कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक आणि परमँगनेटची पूड कधीही एकत्र करायची नाही, जरा जोर लावू म्हणून सुद्धा नाही. त्यात तयार होणारं मँगनीज हेप्टॉक्साइड स्फोटक असतं, आणि शेजारी हायड्रोकार्बन असलं तर विचारायलाच नको.

इथे अशुद्धीबद्दल थोडं सांगते कारण गोष्ट मला फार आवडते. १८८२ साली स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला व्हिक्टर मायर नावाचे केमिस्ट्रीचे प्रोफेसर वर्गात बेंझीनची एक टेस्ट दाखवत होते, आयसॅटिन आणि सल्फ्युरिक ॲसिड टाकलं की निळा रंग येतो ती. त्या दिवशी रंगच आला नाही. शोधल्यावर कळलं की नेहमीचं बेंझीन डांबरापासून काढलेलं होतं आणि त्या दिवसाचं बेंझॉइक ॲसिडपासून बनवलेलं, म्हणजे एकदम शुद्ध. निळा रंग बेंझीनचा नव्हताच, डांबराच्या बेंझीनमध्ये लपलेल्या थायोफीनचा होता, जे ८४ अंशाला उकळतं म्हणून बेंझीनबरोबर निघून येतं. सगळे इतकी वर्षं अशुद्धीची टेस्ट करत होते आणि नाव बेंझीनचं घेत होते. तुमच्या बाबतीत उलटं होतं, बेंझीनमध्ये चिमूटभर टोल्युईन असेल तर तीन-चार थेंब परमँगनेटचा रंग ते चिमूटभरच खाऊन टाकेल आणि तुम्ही म्हणाल टोल्युईन. म्हणून पहिल्या दोन पायऱ्या गाळू नका.

चौथी पायरी: डेरिव्हेटिव्ह, म्हणजे नक्की कोणता होमोलॉग

रंग गेला म्हणजे 'बेंझीन नाही' एवढंच कळलं. कोण आहे हे कळायला ॲसिड हातात घेऊन बघावं लागतं. आता उलट हिशोब, आता परमँगनेट भरपूर लागणार. १ एमएल टोल्युईन म्हणजे ०.८७ ग्रॅम, आणि त्याला पूर्ण ऑक्सिडाइझ करायला अल्कलाइन माध्यमात जवळजवळ ३ ग्रॅम परमँगनेट लागतं, एकास दोन मोल. आरबी (गोल बुडाच्या) फ्लास्कमध्ये १ एमएल सँपल, ५० एमएल पाणी, १ ग्रॅम सोडियम कार्बोनेट, ३ ग्रॅम परमँगनेट आणि पोर्सेलिनचे दोन तुकडे. तुकडे विसरू नका, मँगनीज डायऑक्साइडचा चिखल तयार होतो आणि फ्लास्क असे धक्के खातो की कंडेन्सर हलतो. दीड-दोन तास रिफ्लक्स करा, म्हणजे वर कंडेन्सर लावून उकळत ठेवा, कंडेन्सरमधून परत येणारे तेलकट थेंब दिसायचे बंद झाले की झालं.

गरम असतानाच गाळा. तपकिरी चिखल वर राहील, खाली फिल्ट्रेट. ते अजून जांभळट असेल तर सोडियम बायसल्फाइटचे कण टाकून रंग घालवा, आणि हे ॲसिड टाकायच्या आधी करा. मी स्वतः एकदा घाईत जांभळ्या फिल्ट्रेटमध्येच कॉन्क. एचसीएल ओतलं होतं, परमँगनेट आणि एचसीएल म्हणजे क्लोरीन बनवायची रेसिपी, हूड चालू होता म्हणून नुसता खोकल्यावर भागलं. रंग घालवल्यावर थंड करा आणि एचसीएल थेंब थेंब टाका, लिटमस लाल होईपर्यंत. पांढरा पीपीटी (प्रेसिपिटेट, म्हणजे साका) आला तर जीव भांड्यात पडतो.

पीपीटी गाळा, उकळत्या पाण्यात विरघळवून परत थंड करा. बेंझॉइक ॲसिडसाठी ही युक्ती छान चालते कारण उकळत्या पाण्यात ते लिटरला पन्नासेक ग्रॅम विरघळतं आणि साध्या तापमानाला जेमतेम साडेतीन. सुकवून मेल्टिंग पॉइंट घ्या, १२२ आला तर बेंझॉइक. खात्रीसाठी बायकार्बोनेटमध्ये टाकून फसफस बघा, आणि न्यूट्रल फेरिक क्लोराइडने फिकट बदामी पीपीटी.

बेंझॉइक आलं म्हणजे शेपूट एकच होती. टोल्युईन की एथिलबेंझीन, ते बॉइलिंग पॉइंट सांगेल, ११० की १३६. दोन शेपट्या असतील तर दोन ॲसिड ग्रुप येतात: ऑर्थो-झायलीनचं थॅलिक, पॅराचं टेरेथॅलिक. थॅलिक असेल तर रेसॉर्सिनॉल आणि एक-दोन थेंब कॉन्क. सल्फ्युरिकबरोबर गरम करून पाण्यात-अल्कलीत ओतलं की ती सुंदर हिरवी चमक येते, फ्लुओरेसीनची, बाहेरून आलेले एक्स्टर्नल परीक्षकसुद्धा खूश होतात. टेरेथॅलिक उकळत्या पाण्यातही विरघळायला तयार नसतं आणि ३०० अंशापर्यंत वितळतही नाही, तुमचं पॅराफिन आधी धूर काढेल. हेच टेरेथॅलिक तुमच्या टी-शर्टमधल्या पॉलिस्टरमध्ये आणि पाण्याच्या बाटलीत बसलेलं आहे.

व्हायवाचा लाडका प्रश्न: कोणता होमोलॉग परमँगनेटला दाद देत नाही? टर्शरी-ब्युटिलबेंझीन. शेपूट आहे, चांगली मोठी आहे, पण रिंगला चिकटलेल्या कार्बनवर एकही हायड्रोजन नाही, तिन्ही जागांवर मिथाइल बसलेत. परमँगनेटला आत शिरायला दारच नाही. उकळतं मात्र १६९ ला, म्हणून त्याला बेंझीन समजायची चूक फक्त दुसरी पायरी गाळणाराच करेल.

आणि गंमत म्हणजे आपलं लिव्हर रोज हीच टेस्ट करतं. टोल्युईन शरीरात गेलं की लिव्हर त्याची शेपटी धरतं, बेंझॉइक ॲसिड करतं, त्याला ग्लायसीन जोडून हिप्युरिक ॲसिड म्हणून लघवीतून बाहेर टाकतं. बेंझीनला शेपटी नाही, मग लिव्हर रिंगवरच हात टाकतं, आणि त्यातून जे फिनॉल, क्विनोन वगैरे बनतं ते बोन मॅरोला जाऊन छळतं. टोल्युईन काही निरुपद्रवी नाही, मेंदूवर परिणाम करतंच, थिनर हुंगणाऱ्या पोरांचे हाल बघितले तर कळतं, पण बेंझीनसारखा ल्युकेमिया त्याच्या नावावर नाही.

मशीन असेल तर

तर वरचं सगळं पाच मिनिटांत आटोपतं. प्रोटॉन एनएमआरमध्ये बेंझीनचा एकच सिंगलेट (न फुटलेला पीक), ७.३६ ला, कारण सहाही हायड्रोजन सारखे. टोल्युईनमध्ये २.३५ च्या आसपास तीन हायड्रोजनचा जास्तीचा सिंगलेट उभा राहतो, तीच शेपूट. एथिलबेंझीनला ट्रिपलेट आणि क्वार्टेट. झायलीनची भांडणं कार्बन एनएमआर मिटवतं, नुसते पीक मोजा: पॅराला ३, ऑर्थोला ४, मेटाला ५, आणि बेंझीनला फक्त १. मास स्पेक्ट्रममध्ये बेंझीन ७८, टोल्युईन ९२ आणि शेजारी ९१ चा उंच पीक, तो ९१ दिसला की शेपूट आहे असं समजायला हरकत नाही. रिफ्रॅक्टोमीटरच्या भरवशावर मात्र राहू नका, बेंझीन १.५०१ आणि टोल्युईन १.४९६, तापमान दहा अंशांनी इकडेतिकडे झालं तरी एवढा फरक आपोआप पडतो.

आवराआवर

उरलेलं सँपल आणि वरचे थर बेसिनमध्ये ओतायचे नाहीत, हॅलोजन नसलेल्या ऑरगॅनिक वेस्टच्या बाटलीत, आणि बाटलीवर 'बेंझीन आहे' असं स्पष्ट लिहायचं, सांकेतिक भाषेत नाही. तपकिरी चिखल वेगळ्या डब्यात. टेस्ट ट्यूबला आतून तपकिरी डाग बसले असतील तर ब्रशने घासून काहीही होत नाही, पूर्ण बॅच घासत बसलेली मी पाहिली आहे, थोडं ऑक्झॅलिक ॲसिड आणि दोन थेंब डायल्यूट सल्फ्युरिक टाकून कोमट करा, फसफसत डाग निघून जातात, मग साध्या पाण्याने दोनदा आणि डिस्टिल्डने एकदा विसळून उलट्या करून ठेवा, पुढच्या बॅचच्या परमँगनेटचा रंग तुमच्या ट्यूबमुळे जायला नको.